नाव झालं आणि नेमकं तेव्हाच त्याने भांड्यांवर सही करणं सोडलं

एखादी जुनी फुलदाणी हातात आली की जाणकार माणूस आधी ती उलटी करून बघतो. बुडाशी कलाकाराची सही असेल तर तिचा भाव वाढतो. पण जपानचे थोर कुंभार कावाई कान्जिरो यांच्या बहुतेक फुलदाण्या उलट्या केल्या तर सही सापडतच नाही.

असं का? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

कान्जिरो यांचा जन्म १८९० चा, शिमाने प्रांतातल्या यासुगी गावचा. टोकियोत सिरॅमिकचं रीतसर शिक्षण घेऊन १९१४ साली ते क्योतोच्या सिरॅमिक प्रयोगशाळेत लागले. तिथे मित्र हामादा शोजी यांच्यासोबत त्यांनी ग्लेझचे, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराचे, हजारो प्रयोग केले.

त्यांचा लाडका रंग तांब्यापासून मिळणारा लाल. हा रंग भलताच लहरी. भट्टीत हवा कमी ठेवली तर तांबं लाल होतं, हवा जास्त झाली तर तेच तांबं हिरवं होतं. कान्जिरो यांनी तो हुकमी वश केला.

१९२० मध्ये त्यांनी क्योतोच्या गोजोझाका भागात भट्टी घेतली. १९२१ मध्ये पहिलं प्रदर्शन भरलं आणि जुन्या चिनी-कोरियन धाटणीची त्यांची भांडी बघून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

पण विचारवंत यानागी सोएत्सु यांनी टीका केली. यात कसब आहे, पण हे जुन्याचं अनुकरण आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी यानागींनी भरवलेलं कोरियन भांड्यांचं प्रदर्शन कान्जिरो यांनी पाहिलं. अनाम कारागिरांची ती साधी, रोजच्या वापरातली भांडी बघून ते हलले.

पुढे हामादांमुळे दोघांचं जुळलं. १९२५ मध्ये तिघांनी मिळून सामान्यांच्या कलेला 'मिंगेई' हे नाव दिलं. कान्जिरो यांनी गाजलेली शैली सोडली आणि काही वर्षांतच सही करणंही थांबवलं. आपलं कामच आपली ओळख, ही त्यांची भूमिका.

मान मात्र पाठ सोडेना. १९३७ मध्ये एका मित्राने त्यांना न सांगताच त्यांचा एक घट पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाला पाठवला. त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. १९५५ मध्ये जपान सरकारने 'ऑर्डर ऑफ कल्चर' देऊ केला. त्यांनी नम्रपणे नाकारला. 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा किताबही घेतला नाही.

१९६६ साली ते गेले. क्योतोतलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. मागे आठ कप्प्यांची, चढत जाणारी त्यांची भट्टीही आहे. ती त्यांच्या एकट्याची कधीच नव्हती, शेजारपाजारचे कुंभारही आपली भांडी तिच्यातच भाजायचे.