पाऊस मोजायला शिकवणाऱ्या अन्ना मणी



आमच्या वर्गात हवा आणि हवामान हा पाठ चालू होता. आज ऊन आहे की पाऊस, गार आहे की उकडते, ती झाली हवा. आणि ३० वर्षांच्या हवेच्या नोंदी घेऊन सरासरी काढली की त्याला हवामान म्हणतात. गुरुजींनी तेव्हा अन्ना मणी हे नाव सांगितले. आम्ही ते अण्णा असे ऐकले. आमच्याकडे अण्णा म्हणजे धोतर नेसणारे थोरले माणूस. सगळ्या वर्गाला वाटले, हे कोणी म्हातारे बुवा असणार. पण त्या बाई निघाल्या, आणि मोठ्या शास्त्रज्ञ निघाल्या! केरळात अन्ना हे मुलीचे नाव असते.

अन्ना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी पीरमेड या डोंगरातल्या गावी झाला. ते गाव तेव्हा त्रावणकोर संस्थानात होते. त्यांचे वडील इंजिनिअर होते आणि त्यांचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत अन्नांचा नंबर सातवा. त्यांना वाचनाचे फार वेड. त्यांच्या घरी मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या देत असत. अन्नांनी त्या घेतल्या नाहीत. त्याऐवजी त्यांनी मोठ्या इंग्रजी विश्वकोशाचे खंड मागून घेतले. आमच्या घरी असे झाले असते तर आजीने कपाळाला हातच लावला असता.

१९२५ साली महात्मा गांधी वायकोमच्या सत्याग्रहासाठी त्रावणकोरात आले होते. गांधीजींच्या विचारांचा अन्नांवर परिणाम झाला आणि त्या खादी वापरू लागल्या.

१९३९ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या. मग बंगळूरला थोर शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणके यांचा अभ्यास केला. गंमत बघा, लहानपणी कानात हिरे नको होते आणि मोठेपणी हिऱ्यांचाच अभ्यास! कधी कधी रात्रभर काम चाले. पण एवढे करून त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली नाही. एम. एस्सी. झालेली नाही, हे कारण विद्यापीठाने दाखवले. मला हे वाचून लई वाईट वाटले. त्यांनी मात्र काम सोडले नाही. १९४५ साली शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला गेल्या आणि हवामानाची यंत्रे कशी बनवतात ते शिकल्या.

१९४८ साली परत येऊन त्या पुण्याच्या वेधशाळेत कामाला लागल्या. ही वेधशाळा शिवाजीनगरला आहे. हवामान खात्याचे मुख्य ऑफिस १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून पुण्यातले लोक तिला सिमला ऑफिस म्हणतात.

तोपर्यंत आपल्या देशात हवामानाची साधीसुधी यंत्रेसुद्धा इंग्लंडहून आणावी लागत. देश स्वतंत्र झाला, पण पाऊस मोजायला यंत्र परक्यांचे! अन्नांनी ठरवले की ही यंत्रे इथेच बनली पाहिजेत. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. सुमारे १०० यंत्रांचे नकाशे त्यांनी पक्के करून घेतले. सगळीकडे यंत्र सारखेच हवे. एका गावचा मापक मोठा आणि दुसऱ्या गावचा खोटा, असे झाले तर दोन गावांचा पाऊस ताडून कसा बघणार?

पर्जन्यमापक दिसायला साधा असतो. वर नरसाळे, खाली बाटली. बाटलीतले पाणी रोज सकाळी ८.३० वाजता मापाच्या नळीत ओतून मोजतात. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. पेटीला झडपा असतात, म्हणजे वारा खेळतो पण ऊन थेट लागत नाही.

१९५७-५८ साली अन्नांनी देशात ठिकठिकाणी सूर्याची उष्णता मोजण्याची केंद्रे सुरू केली. फुग्याला बांधून आकाशात सोडायचे आणि ओझोन वायू मोजायचे यंत्रही तयार केले. हा वायू उन्हातले घातक किरण अडवतो. १९७६ साली उपमहासंचालक पदावरून त्या निवृत्त झाल्या. तरी घरी बसल्या नाहीत. वाऱ्यापासून वीज कुठे करता येईल यासाठी त्यांनी जागोजागी वारा मोजवला. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, असे त्यांचे मत होते. हे मला नीट समजले, त्याला एक कारण आहे.

मागच्या पावसाळ्यात आमचे सोयाबीन पाण्यात गेले. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी धरतात. पण मोजायचे यंत्र दुसऱ्या गावात, आणि तिकडे पाऊस कमी झाला. आमच्या शिवारात किती पडला ते कोणीच मोजले नव्हते. बाबा नुसते बांधावर उभे राहिले.

म्हणून यंदा आम्ही चौथीच्या मुलांनी शाळेत सरळ उभ्या बाजूंचा डबा ठेवला. आधी तो लिंबाखाली ठेवला होता. झाडाने पाऊस अडवला, म्हणून गुरुजींनी तो मोकळ्यावर ठेवायला लावला. रोज सकाळी पट्टीने मोजून वहीत लिहितो. एका सोमवारी माझी पाळी होती. मी विसरलो आणि दुसऱ्या दिवशी अंदाजाने १० मिलिमीटर लिहून टाकले. कोणाला कळले नाही. गुरुजींनी तर वहीवर सहीपण केली.

पण अन्ना मणी यांची माहिती वाचल्यावर मला चैन पडेना. मी गुरुजींना खरे सांगितले. ते रागावले नाहीत. आम्ही तो आकडा खोडला आणि तिथे मोजला नाही असे लिहिले. वही खिडकीजवळ टांगली आहे, पालकांनी ती जरूर बघावी. खोडलेली जागा माझी आहे.

इयत्ता चौथी