सान्तियागो रामोन इ काहाल : चित्रं काढता काढता मेंदू उलगडणारे शास्त्रज्ञ

सान्तियागो रामोन इ काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील पेतिया दे आरागोन या खेड्यात झाला. वडील डॉक्टर आणि शिस्तीचे कडक. मुलाला मात्र चित्रकलेचं वेड! वडिलांना ते अजिबात पसंत नव्हतं. पाठांतराचा कंटाळा, म्हणून शाळेत मार ठरलेला. अकराव्या वर्षी घरी बनवलेल्या तोफेनं त्यानं शेजाऱ्याचं फाटक फोडलं आणि कोठडीतही जाऊन आला. वैतागून वडिलांनी त्याला केस कापणाऱ्याकडे, मग जोडे शिवणाऱ्याकडे कामाला ठेवलं.

शेवटी वडिलांनीच दफनभूमीतली हाडं आणून शिकवायला सुरुवात केली. हाडांची चित्रं काढता काढता मुलगा शरीरशास्त्रात रमला. १८७३ मध्ये तो डॉक्टर झाला.

१८८७ मध्ये काहाल यांनी इटलीच्या गॉल्जी यांची, चांदीच्या क्षारानं मेंदूपेशी रंगवण्याची पद्धत पाहिली. तेव्हा बरेच शास्त्रज्ञ मानत की मेंदू म्हणजे सलग जाळं आहे. काहाल यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून असंख्य चित्रं काढली आणि १८८८ मध्ये दाखवलं की प्रत्येक पेशी स्वतंत्र असते. पेशीच्या फांद्यांवर त्यांना बारीक काटेही दिसले. तो रंगाचा दोष आहे, असं इतर म्हणत. काहाल मागे हटले नाहीत. १९०६ चं नोबेल त्यांना गॉल्जींसोबत मिळालं. गॉल्जी मात्र तेव्हाही जाळ्याच्याच बाजूनं बोलले! १९३४ मध्ये काहाल यांचं निधन झालं.

१९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं पेशींमधली फट दाखवली. आज आपल्याला माहीत आहे की एक पेशी ग्लुटामेट हे रसायन सोडते, ते फट ओलांडतं आणि बहुतेक वेळा त्या काट्यांवरच्याच ग्राहींना चिकटतं. ग्राही म्हणजे पेशीचं दारच. त्यातला एनएमडीए ग्राही चार तुकड्यांचा असतो. त्याच्या मार्गात मॅग्नेशियमचं बूच असतं. ग्लुटामेट आणि ग्लायसिन चिकटलं, शिवाय पेशी आधीच उत्तेजित असली, तरच बूच निघतं. मग कॅल्शियम आत शिरतं आणि दोन पेशींमधला सांधा पक्का होऊ शकतो. शिकणं आणि लक्षात राहणं यामागे ही क्रिया महत्त्वाची आहे.

पालकहो, जी चित्रकला वडिलांना वाया घालवलेला वेळ वाटली, तिनंच हे काटे जगापुढे आणले. आपल्या वर्गातही वहीच्या शेवटच्या पानावर चित्रं काढणारं मूल असतंच. ती वही काढून घेण्याआधी एकदा नीट बघू या.