विल्यम फॅरर : शेत आणि गिरणी यांच्यामधला संशोधक

ऑस्ट्रेलियात १९६६ साली दशमान चलन आले, तेव्हा दोन डॉलरच्या नोटेवर विल्यम फॅरर यांचे चित्र छापण्यात आले. १९८८ मध्ये त्या नोटेची जागा नाण्याने घेतली. फॅरर यांनी घालून दिलेला दंडक मात्र आजही टिकून आहे.

१८४५ साली इंग्लंडमधील वेस्टमोरलँड परगण्यात जन्मलेल्या फॅरर यांनी केंब्रिजची पदवी घेतली. वैद्यक शिकण्याचा त्यांचा मानस क्षयाने मोडला आणि कोरड्या हवेच्या शोधात ते १८७० मध्ये ऑस्ट्रेलियात आले. तेथे त्यांनी आधी खासगी शिकवणी केली, मग सरकारी भूमापकाची नोकरी धरली. भूमापनाच्या भटकंतीत तांबेरा रोगाने करपलेली गव्हाची शेते त्यांच्या नजरेस पडत होती. १८८६ मध्ये नोकरी सोडून ते मरमबिजी नदीकाठच्या लॅम्ब्रिग येथे स्थायिक झाले आणि पुढील बारा वर्षे त्यांनी पदरमोड करून गव्हाचे संकर केले.

मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा विस्मृतीत होते. फॅरर यांची भिस्त निरीक्षण, चिकाटी आणि काटेकोर नोंदी यांवर होती. त्यांनी दूरदेशींचे बियाणे मागवले. कॅनडाच्या फाइफ गव्हाचे पीठ उत्तम, पण तो उशिरा पिके. हिंदुस्थानी गहू मात्र लवकर तयार होई. या दोहोंचा मेळ घालताना उत्तर हिंदुस्थानातील इटाव्याचे नाव धारण करणारा गहूही त्यांच्या कामी आला.

१८९८ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या कृषी खात्याने त्यांना गहू-प्रयोगासाठी नेमले. खात्याचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक गथ्री यांनी छोट्या गिरणीत मूठभर नमुना दळून पिठाची प्रत जोखण्याची रीत बसवली होती. त्यामुळे कोणता संकर राखावा आणि कोणता टाकावा, याचा निर्णय बियाणे शेतकऱ्याच्या हाती जाण्यापूर्वीच होऊ लागला.

याच काळात ‘फेडरेशन’ हे वाण सिद्ध झाले. आखूड, ताठ काडीचे हे वाण लवकर पिके आणि कापणीयंत्राला सोयीचे होते. त्याच्या तपकिरी ओंब्या दिसायला आकर्षक नव्हत्या, तरी अवर्षणाच्या प्रदेशात त्याने जम बसवला. १९१० नंतरची कित्येक वर्षे ते देशातील अग्रगण्य वाण होते.

हे यश पाहणे फॅरर यांच्या नशिबी नव्हते. १६ एप्रिल १९०६ रोजी लॅम्ब्रिग येथेच त्यांचे निधन झाले. एक शल्यही मागे उरले. त्या काळी ऑस्ट्रेलियन गहू सरसकट सरासरी दर्जाने विकला जाई आणि उत्तम पिठाच्या गव्हाला वेगळा भाव मिळत नसे. साहजिकच शेतकऱ्याने उत्पन्न पाहिले. पिठाच्या प्रतीसाठी फॅरर यांनी घेतलेल्या कष्टांचे मोल बाजाराने उशिरा ओळखले.

आज ऑस्ट्रेलियात नवे वाण राष्ट्रीय चाचण्यांत ठिकठिकाणी पेरून पाहिले जाते, आणि त्याचे दळण व भाजणी तपासून त्याला दर्जाचा वर्ग ठरवून दिला जातो. त्या वर्गावर शेतकऱ्याच्या पदरी पडणारा भाव अवलंबून असतो. शेताने आणि गिरणीने दोघांनी कौल द्यावा, हा फॅरर व गथ्री यांचा आग्रह अशा रीतीने व्यवस्थेचा पाया ठरला आहे.