होमी भाभा आणि आखूड होणारं अंतर

होमी भाभा म्हटलं की आपल्याला अणुऊर्जा आठवते. पण वयाच्या 28 व्या वर्षी त्यांनी आइनस्टाइनची सापेक्षता तपासायचा एक सरळ मार्ग सुचवला होता, हे फार कमी जणांना माहीत असतं.

त्यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईतला. घरच्यांना वाटायचं, मुलाने केंब्रिजला इंजिनिअर व्हावं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावं. भाभांचा ओढा मात्र फिजिक्सकडे. वडिलांची अट होती: आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव. 1930 मध्ये तो मिळवून ते फिजिक्सकडे वळले. मी स्वतः इंजिनिअर, त्यामुळे हा निर्णय किती अवघड असेल ते मला कळतं.

आता मूळ मुद्दा. वेगाने जाणारी वस्तू तिच्या दिशेने आखूड होते. आमच्या खांडबाऱ्यावरून 100 किमी वेगाने धावणारी अर्धा किलोमीटर लांब गाडीही आखूड होते, पण एका अणूच्या आकाराहूनही कितीतरी कमी. मग तपासायचं कसं?

कॉस्मिक किरणांमुळे हवेत खूप उंचावर म्यूऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या 99.8 टक्के वेगानेही एवढ्या वेळात ते साधारण 660 मीटरच जातील. तरी 10 किमी खालच्या जमिनीवर ते भरपूर पोचतात!

आपल्या नजरेतून उत्तर असं: म्यूऑनचं घड्याळ जवळपास 16 पट मंद चालतं. म्यूऑनच्या नजरेतून घड्याळ ठीकच आहे. समोरून धावत येणारी 10 किमी हवाच आखूड होऊन सुमारे 630 मीटर उरलीय. म्हणजे हा डोळ्यांचा भास नाही. अंतर खरंच कमी झालं नसतं, तर बहुतेक म्यूऑन वाटेतच संपले असते.

असे कण घड्याळासारखे वापरून काळ मंदावतो का ते पाहता येईल, हे भाभांनी 1938 मध्ये मांडलं. 1941 मध्ये रॉसी आणि हॉल यांच्या अमेरिकेतल्या मोजमापांनी ते खरं ठरवलं.

1939 मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले आणि महायुद्ध सुरू झालं. ते बेंगळुरूला रामन यांच्या विभागात राहिले, कॉस्मिक किरणांवरच काम केलं आणि 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. 24 जानेवारी 1966 रोजी माँ ब्लांवर विमान कोसळून ते गेले.

तळहात आडवा धरा. दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन त्यातून आरपार जातोय.