एकच नमुना

पॉल रँड हे नाव आपल्या घरांत फारसं घेतलं जात नाही. ‘आयबीएम’ची पट्ट्यापट्ट्यांची तीन अक्षरं मात्र सगळ्यांनी पाहिलेली असतात. ती याच गृहस्थानं काढली.

रँड जन्मला १९१४ साली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागात, एका कर्मठ ज्यू घरात. मूळ नाव पेरेट्झ रोझेनबाऊम. लहानपणी वडिलांच्या किराणा दुकानाच्या पाट्या रंगवता रंगवता हात वळला. पुढं त्यानं स्वतःच्या नावालाही आटोपशीर रूप दिलं : रोमन लिपीत चार अक्षरं नावाची, चार आडनावाची. १९५६ साली आयबीएमचं काम मिळालं. पट्ट्या आल्या त्या १९७२ साली. १९६१ साली ‘यूपीएस’च्या ढालीवर त्यानं दोरीनं बांधलेलं पुडकं बसवलं.

१९८६ साली स्टीव्ह जॉब्ज आपल्या ‘नेक्स्ट’ या नव्या कंपनीसाठी बोधचिन्ह मागायला आला. मोबदला ठरला एक लाख डॉलर. जॉब्जनं दोन-चार पर्याय मागितले. रँडनं स्वच्छ नकार दिला. तोडगा एकच मिळेल. वापरा अथवा वापरू नका, पैसे मात्र द्यावे लागतील, ही त्याची अट.

मग त्यानं गिऱ्हाइकापुढं चक्क एक पुस्तिका ठेवली. नावाची कोणती रूपं करून पाहिली, ‘ई’ एकटंच लहान लिपीत का, काळा ठोकळा २८ अंशांत तिरका का, हे पानागणिक उलगडत जातं. शेवटच्या पानापर्यंत पोचलेल्याला दुसरा नमुना मागावासाच वाटू नये! जॉब्जला पिवळा रंग अधिक भडक हवा होता. रँड बधला नाही.

मी छोट्या दुकानांची बोधचिन्हं करून संसार चालवला. गिऱ्हाइकानं पाच नमुने मागितले की मी पाच नेतो. घरभाडं डोक्यावर असताना नकार परवडत नाही. पण त्या पाचांतला मला पटलेला कोणता आणि का, हे तोंडावर सांगण्याचं बळ मला रँडनं दिलं.

मालात गुण असेल तरच चिन्हाला मोल येतं, असं तो मानत असे. नेक्स्टची यंत्रं फारशी खपली नाहीत. २६ नोव्हेंबर १९९६ रोजी रँड वारला. महिना उलटण्याआधीच ‘ॲपल’नं नेक्स्ट विकत घेत असल्याचं जाहीर केलं. काळा ठोकळा बाजारातून गेला. ‘आधी कारण सांगा, मग चित्र दाखवा’ हा त्या पुस्तिकेचा धडा मात्र आमच्या धंद्यात टिकून आहे.