सैनिकांच्या ओझ्याचा विचार करणारा वैद्य

ब्रिटिश लष्करी आरोग्यशास्त्राचे एक प्रवर्तक डॉ. एडमंड अलेक्झांडर पार्क्स यांचा जन्म २९ मार्च १८१९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. १८४२ मध्ये ८४ व्या पायदळ पलटणीचे सहायक शल्यचिकित्सक म्हणून ते मद्रास आणि ब्रह्मदेशातील मौलमीन येथे आले. क्रिमियन युद्धकाळात, १८५५ मध्ये, तुर्कस्तानातील रेंकिऑय येथील रुग्णालय त्यांच्याकडे सोपवण्यात आले. १८६० मध्ये ते लष्करी वैद्यकीय विद्यालयात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या काळी तरुण सैनिकांमधील हृदयविकार ही लष्करापुढील गंभीर चिंता होती. पाठीवर उंच बांधलेल्या पिशवीचे पट्टे छाती व काखा आवळत. कूच करताना श्वास कोंडे आणि हृदयावर ताण पडे. दोष सैनिकाच्या प्रकृतीत नसून ओझे बांधण्याच्या पद्धतीत आहे, हे पार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाणले. युद्धखात्याने नेमलेल्या समितीत पार्क्स यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या नव्या साजात पिशवी कमरेजवळ उतरली आणि छाती मोकळी झाली.

१५ मार्च १८७६ रोजी पार्क्स यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ लंडनमध्ये आरोग्यशास्त्राचे संग्रहालय स्थापन झाले. सैनिकाच्या शरीराला मानवेल असा साज हवा, हा त्यांचा आग्रह पुढील काळातही लष्करांना मार्गदर्शक ठरला.