बाजारात विकला गेलेला हबशी पोरगा, ज्यानं खडकीला पाणी आणलं : मलिक अंबर

आज ज्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्याचं नाव त्याआधी औरंगाबाद होतं, त्याआधी फतेहनगर होतं आणि सगळ्यात आधी खडकी. नावाप्रमाणेच गाव. खडकाळ जमीन, जवळून वाहणारी खाम नदी, उन्हाळ्यात तीही आटलेली. या गावाला राजधानी करायचं ठरवलं ते एका हबशी माणसानं, १६१० साली. हबशी म्हणजे आफ्रिकेतला, आजच्या इथिओपिया देशाकडचा. लहानपणी तो बाजारात विकला गेला होता, एकदा नव्हे, बऱ्याच वेळा. त्याचं नाव मलिक अंबर.

शाळेत इतिहासाच्या पुस्तकात हे नाव एका ओळीत येऊन जातं. शहाजीराजांच्या धड्यात येतं, भातवडीच्या लढाईत येतं, पुढं गायब होतं. पण मराठवाड्यात, नगर भागात, पुण्याकडं ज्यांची शेती आहे, त्यांच्या जुन्या कागदांत हा माणूस अजून सापडतो. जमिनीच्या साऱ्याला मलिकंबरी धारा म्हणायची पद्धत त्याच्यानंतरही बरीच वर्षं टिकून होती.

जन्म १५४८ च्या सुमाराचा. मूळ नाव चापू. आईबापांनी दारिद्र्यापायी विकलं की कुणी पकडून नेलं, यावर लिहिणाऱ्यांचं एकमत नाही. पण समुद्रापलीकडं येमेनच्या मोखा बंदरात तो विकला गेला आणि हातोहात फिरत बगदादला पोचला. तिथला त्याचा मालक मीर कासिम. या मालकानं एक काम असं केलं की पुढचं सगळं आयुष्य त्यानं बदललं. पोराला लिहायला-वाचायला, हिशेब ठेवायला शिकवलं. धर्म बदलला, नाव अंबर ठेवलं. गुलामाला शिकवायचं ते त्याची किंमत वाढावी म्हणून, हे उघड आहे. त्यात दयामाया किती होती, कोण सांगणार? पण अक्षर एकदा पोटात गेलं की ते परत काढून घेता येत नाही.

१५७० नंतर कधीतरी अंबर दख्खनमध्ये आला. त्याला विकत घेणारा होता अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा, चंगेज खान. गंमत म्हणजे हा पेशवा स्वतःच पूर्वीचा हबशी गुलाम. त्याच्याकडं असे हजारभर हबशी होते असं सांगतात. दख्खनमधली गुलामी अमेरिकेतल्या मळ्यांसारखी नव्हती. इथं हबशी पोरं घोड्यावर बसायची, तलवार शिकायची, दरबारातले हिशेब बघायची आणि अंगात धमक असली तर सरदारही व्हायची. जंजिऱ्याचे सिद्दी याच परंपरेतले. तरी विकलेलं माणूस ते विकलेलंच. सरदार झाल्यावरही लोक पाठीमागं तेच बोलत.

चंगेज खान काही वर्षांत मेला. त्याच्या बायकोनं अंबरला मोकळं केलं. पुढची वीस वर्षं पोटासाठी धडपड करण्यात गेली. विजापूरकरांकडं चाकरी केली, मलिक हा किताब तिथंच मिळाला. तिथं पटलं नाही तेव्हा १५९५ च्या आसपास नगरला परतला, तेव्हा हाताशी दीडशेच्या आसपास घोडेस्वार. वय जवळपास पन्नास. आपल्याकडं या वयात माणूस पोरांच्या लग्नाचं बघायला लागतो. याचं खरं काम इथून पुढं सुरू झालं.

१६०० साली चांदबिबी मारली गेली आणि नगरचा किल्ला मोगलांनी घेतला. दिल्लीच्या लेखी निजामशाही संपली होती. अंबरनं मात्र निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तजा म्हणून गादीवर बसवला आणि त्याच्या नावानं कारभार सुरू केला. आपली मुलगीही त्याला दिली. परांडा, मग जुन्नर, मग दौलताबाद अशी राजधानी सरकत गेली.

मुर्तजाची थोरली बायको इराणी वंशाची होती. पीटर व्हॅन डेन ब्रोक या डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की तिनं भांडणात अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं, अंबरबद्दलही वाईट बोलली. थोड्याच दिवसांत मुर्तजा आणि त्याची ती बायको, दोघांचाही विष देऊन शेवट झाला आणि गादीवर पाच वर्षांचं पोर बसलं. अंबर काही संत नव्हता. राज्य त्याचं, शिक्का दुसऱ्याचा, हा प्रकार शेवटपर्यंत तसाच चालला.

आता पाण्याकडं वळू, कारण त्याचं सगळ्यात टिकाऊ काम तेच.

खडकीत माणसं वसवायची तर प्यायचं पाणी पाहिजे. नदीवर भरवसा नाही, पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात कोरडी. विहिरी खोदायच्या तर काळा खडक. अंबरनं शहराच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी, हर्सूलच्या बाजूला, जमिनीच्या पोटात साठलेलं पाणी हेरलं आणि तिथून दगड-चुन्याची भुयारी नहर बांधून ते गावात आणलं. दरबारी लोक हसले होते म्हणतात. डोंगरातून पाणी येईलच कसं, असा त्यांचा सवाल. पाणी आलं.

या कामात यंत्र नाही, मोट नाही, बैल नाही. सगळा खेळ उताराचा. उगमाची जागा गावापेक्षा उंच, तिथून जराजरासा उतार देत नहर खाली आणायची. उतार जास्त दिला तर पाणी बांधकाम फोडतं, कमी दिला तर गाळ बसतो. ठरावीक अंतरावर जमिनीवर मनोरे उभे केलेले, त्यातून अडकलेली हवा बाहेर पडते आणि गाळ काढायला माणूस आत उतरतो. मुंबईला मुलुंड-भांडुपकडं राहणाऱ्या आपल्या माणसांच्या नळाला वैतरणा-तानसाचं जे पाणी येतं, तेही बरंचसं उतारानंच येतं. तत्त्व तेच, चारशे वर्षांपूर्वीचं.

दुसरी गोष्ट आरोग्याची. नहर झाकलेली होती. उघड्या ओढ्याच्या पाण्यात जनावर उतरतं, कपडे धुतले जातात, मेलेलं काहीतरी वाहून येतं. झाकलेल्या दगडी पाटात यातलं काही पडत नाही. वाटेत आणि गावात हौद बांधून तिथं पाणी सोडलं, लोकांनी तिथून भरायचं. उघडं पाणी पिऊ नका, झाकून ठेवा, हे आज आशाताई घरोघरी फिरून सांगतात. जंतू कुणी बघितले नव्हते त्या काळात हे शहाणपण दगडात बांधून ठेवलेलं आहे.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. पाणचक्की बघायला येणारे लोक तिलाच मलिक अंबरची नहर समजतात. पाणचक्कीची नहर नंतरची, १७०० नंतरच्या काळातली. अंबरनं वाट दाखवली, पुढं मोगल आणि निजामाच्या काळात त्याच धर्तीवर आणखी नहरी निघाल्या आणि शहराभोवती त्यांचं जाळं झालं.

शहरात त्यानं पुरे वसवले, त्यातल्या काहींना मराठा सरदारांची नावं पडली. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा. मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी यांची ती नावं. मशिदी उभ्या केल्या. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा बांधला, तो अजून उभा आहे. चित्ताखाना नावाची जागा विद्वानांसाठी काढली, तिथं हिंदू पंडित आणि अरबी विद्वान दोघांची सोय होती असं लिहिलेलं मिळतं. बगदादेत अक्षर शिकलेला माणूस हे विसरला नसावा.

शेतकऱ्यांसाठी त्यानं काय केलं, ते जास्त महत्त्वाचं. आधी साऱ्याची वसुली मक्त्यानं दिली जायची. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरायचा आणि गावातून जमेल तेवढं ओरबाडायचा. अंबरनं मक्ता बंद केला. जमिनीची पाहणी करून चांगली-हलकी अशी प्रत लावली आणि पीक बघून सारा ठरवला. आधी धान्यात, सुमारे दोन पंचमांश, आणि पुढं रोखीत, साधारण एक तृतीयांशाच्या हिशेबानं, असं जुने इंग्रज लेखक नोंदवतात. सगळीकडं काठी-साखळी लावून मोजणी झाली असं नाही. पाटील-देशमुखांना सोबत घेऊन, नजरेच्या अंदाजानं बरंच काम झालं, असं अभ्यासक म्हणतात. पण पाटलाचं वतन पक्कं केलं, वसुली ब्राह्मण कारकुनांकडं दिली आणि पिकलं नाही तर सारा कमी, ही गोष्ट रयतेला पहिल्यांदा कळली. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याकडं दादोजी कोंडदेवांनी जी साऱ्याची घडी बसवली, ती याच मलिकंबरी पायावर.

लढाईची त्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. समोरासमोर जायचं नाही, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात पळायचं. इंग्रज प्रवासी विल्यम फिंच यानं १६१० च्या सुमारास लिहिलं की अंबरच्या फौजेत दहा हजार त्याच्या जातीचे हबशी आणि चाळीस हजार दख्खनी होते. दख्खनी म्हणजे त्यात मोठा भरणा मराठ्यांचा. वेरूळचे भोसले, सिंदखेडचे जाधव ही घराणी याच राजकारणात वाढली. सगळेच टिकून राहिले नाहीत. जाधवराव मोगलांना मिळाले आणि १६१६ साली रोशनगावच्या लढाईत अंबर हरला. मोगलांनी खडकी जाळली. त्यानं परत बांधली. १६२१ ला परत जळाली.

आणि हेही सांगायला पाहिजे की रसद तोडणं म्हणजे शत्रूच्या वाटेवरची गावं, उभी पिकं, कडब्याच्या गंजी यांची राख. ज्या रयतेचा सारा त्यानं बेतात ठेवला, तिचीच शेतं या लढायांत तुडवली गेली. दिल्ली आणि दख्खनच्या ओढाताणीत शेतकरी भरडला गेला, त्यात अंबरचाही वाटा होता.

बादशहा जहांगीर त्याच्यावर इतका चिडून होता की आपल्या आठवणींत त्याच्या रंगावरून शिव्या घातल्याशिवाय त्याचं नाव लिहीत नसे. एक चित्रही काढून घेतलं. भाल्याच्या टोकावर अंबरचं कापलेलं डोकं आणि बादशहा त्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात हे कधी घडलं नाही. जहांगीर आणि अंबर समोरासमोर आलेच नाहीत.

१६२४ साली मोगल आणि विजापूर दोघं एकत्र येऊन त्याच्यावर चालून आले. वय पंचाहत्तरच्या पुढं. नगरजवळ भातवडीला गाठ पडली. तिथल्या तलावाचा बांध अंबरनं फोडला, पाणी शत्रूच्या वाटेवर सोडलं, चिखलात घोडे-हत्ती-तोफा रुतल्या. मग छापे. विजापूरचा सरदार मुल्ला महंमद लारी मारला गेला. अंबरच्या बाजूनं शहाजीराजे लढले, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथं पडले. शिवभारतात या लढाईचं वर्णन आहे. पाण्याचा अभ्यास त्याला इथंही उपयोगी पडला.

विजयानंतर वर्षभरात शहाजीराजे त्याला सोडून विजापूरला गेले. मानपानाचं बिनसलं असं म्हणतात.

मे १६२६ मध्ये मलिक अंबर वारला, ऐंशीच्या जवळ पोचून, अंथरुणावर. मोगल दरबारात इतिहास लिहिणाऱ्या मुतमद खानानं त्याच्या मरणाची नोंद करताना शिवी दिली नाही, उलट कारभार आणि युद्ध या दोन्हींत त्याच्या तोडीचा माणूस नव्हता अशा अर्थाचं लिहिलं.  अंबरच्या मागं त्याचा मुलगा फतेह खान आला, त्यानं शहराला आपलं नाव दिलं आणि १६३३ ला दौलताबाद मोगलांच्या हाती गेलं. बापाचं सव्वीस वर्षांचं काम सात वर्षांत उधळलं.

कबर खुलताबादला आहे, त्यानं जिवंतपणीच बांधून घेतलेली, घुमटाची. जवळच त्याची बायको बीबी करीमा हिची. वेरूळची लेणी बघून औरंगजेबाच्या उघड्या कबरीकडं गाड्या जातात, इकडं फारसं कुणी वळत नाही.

शहराला आज जायकवाडीचं पाणी येतं, लांबून, पंपानं वर चढवून, आणि तेही काही दिवसांआड. नहरीचे मनोरे काही घरांच्या भिंतीत गेले, काही रस्त्याखाली, काहींच्या भेगांत पिंपळ उगवलाय. जिथं गाळ काढलेला आहे आणि वरून कुणी खोदलेलं नाही, तिथं पाणी अजून वाहतंय.